शर्यत चार तासांची, मग गाडा आठवडाभर का हलवायचा?

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"वकीलताई, सतरा वर्षं माझा पोहे-उप्पीटाचा गाडा आहे. पथविक्रीचं प्रमाणपत्र आहे, सरकारच्या स्वनिधी योजनेतलं पथविक्रेत्यांचं दुसरं कर्ज चालू आहे. पुढच्या महिन्यात घाटात मोठी शर्यत आहे, परदेशी धावपटू येणार म्हणतात. परवा दोन माणसं आली आणि म्हणाली, 'आठवडाभर आधी गाडा हलवा, शर्यत झाल्यावर पुढचं बघू.' कागद काही दिला नाही. गेल्या वर्षी अशाच वेळी एक गाडी आली होती. शेगडी, सिलिंडर, दोन पातेली उचलून नेली. अकरा दिवसांनी सामान मिळालं, मोठं पातेलं गेलं ते गेलंच. मैदानावर खाण्याचे स्टॉल लागणार आहेत, पण त्यांचं भाडं ऐकूनच घाम फुटला. पाहुणे आपल्या गावात येणार आणि आम्हीच उठायचं, हे कायद्यात बसतं का? मी काय करू?"

ताई, आधी थेट उत्तर देते. शर्यतीच्या दिवशी काही तास रस्ता मोकळा करून मागायचा अधिकार प्रशासनाला आहे. आठवडाभर आधी गाडा काढायला लावून 'पुढचं बघू' असं तोंडी सांगायचा अधिकार मात्र कुणालाच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या दोन माणसांनी त्या एकत्र करून तुमच्या गळ्यात मारल्यात.

रस्ता बंद ठेवायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली अधिसूचना निघते. जिल्ह्यात ती साधारणपणे पोलीस अधीक्षकांच्या सहीनं निघते आणि वर्तमानपत्रात येते. कोणता रस्ता, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ती पाळा. हजारो माणसं पळत असतात, मधे रुग्णवाहिका न्यावी लागते, तिथे वाद घालू नका. पहाटे गाडा बाजूला घेतलात म्हणून तुमची जागा जात नाही. उलट ती अधिसूचना कापून जपून ठेवा. 'आठवडाभर' हा शब्द त्यात कुठे आहे, हे मग तुम्ही विचारू शकता.

आता तुमचा खरा आधार. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. त्याच्या कलम १८ प्रमाणे सार्वजनिक कामासाठी एखाद्या भागात विक्रीला बंदी घालायची असेल, तर नगर पथविक्रेता समितीची शिफारस लागते. आणि प्रमाणपत्रात लिहिलेल्या जागेवरून विक्रेत्याला हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. या समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले हवेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला. म्हणून पहिला प्रश्न असा करा की समितीची बैठक कधी झाली आणि ठरावात काय लिहिलंय. समितीच नसेल, तर शिफारस कुठून आली?

पण ताई, त्याआधी घरी जाऊन तुमचं प्रमाणपत्र नीट वाचा. बहुतेक जण ते लॅमिनेशन करून गाड्याला टांगतात आणि त्यावर काय छापलंय ते कधीच वाचत नाहीत. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच प्रकरणांत घोळ तिथेच निघाला. तुमचा प्रकार 'स्थिर विक्रेता' लिहिलाय की 'फिरता'? जागेचं वर्णन आहे का, आणि गाडा त्याच जागी उभा असतो का? मुदत संपलीय का? तीस दिवसांच्या नोटिशीचं संरक्षण प्रमाणपत्रातल्या जागेला आहे. 'फिरता' लिहिलं असेल तर एका ठरावीक कोपऱ्यावरचा तुमचा दावा कमजोर होतो. तरी कलम २७ तुमच्या बाजूनं राहतं. प्रमाणपत्रातल्या अटी पाळून धंदा करणाऱ्याला पोलिसांसह कुणीही अडवू नये, असं ते कलम सांगतं. गाडा दुसऱ्या कुणाला भाड्यानं चालवायला दिला असेल तर मला स्पष्ट सांगा, कारण कायद्याला ते चालत नाही. घरच्या माणसानं चालवला तर हरकत नाही.

हा कायदा कसा आला ते माहीत असलेलं बरं, कारण तो अशाच एका प्रसंगाच्या सावलीत घडला. २०१० च्या ऑक्टोबरात, ३ ते १४ तारखेला, दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्याआधी शहर 'स्वच्छ' दिसावं म्हणून रस्त्यांवरचे विक्रेते आणि झोपड्या हटवल्या गेल्या. स्पर्धा चालू असतानाच, ८ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाचा गेंदाराम विरुद्ध दिल्ली महानगरपालिका हा निकाल आला. रस्त्यावर विक्री करणं हा मूलभूत हक्क आहे आणि त्याचं नियमन कायद्यानंच व्हायला हवं, असं न्यायालयानं सांगितलं आणि कायदा करायला सरकारला मुदत घालून दिली. तो कायदा अखेर १ मे २०१४ पासून लागू झाला. दिल्लीतल्या त्या विक्रेत्यांच्या हाती तेव्हा दाखवायला कायदा नव्हता, ताई. तुमच्या हाती आहे.

गेल्या वर्षीच्या सामानाकडे येते. कलम १९ प्रमाणे माल जप्त केला तर त्याची यादी करून सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. ठरलेली फी भरून माल मागितला की न नासणारा माल दोन कामाच्या दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा असतो. तुम्हाला यादी मिळाली नाही आणि अकरा दिवस लागले. दोन्ही गोष्टी कायद्याबाहेरच्या. तरी खोटी आशा दाखवत नाही. वर्ष झालंय, पावती नाही, ती गाडी कुणाची होती हेही तुमच्या पत्रात नाही. पातेल्याचे पैसे परत मिळवणं अवघड आहे. पण शेजारच्या गाडेवाल्यांनी पाहिलं असेल, कुणाच्या मोबाइलमध्ये फोटो असेल, भांड्यांच्या दुकानातलं जुनं बिल असेल, तर तक्रार जरूर द्या. कलम २० खाली तक्रार निवारण समिती असते आणि तिचा अध्यक्ष माजी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी असतो. जुनी तक्रार नोंदलेली असली की यंदा कुणी गाड्याला हात लावताना दहादा विचार करतं.

आणि सिलिंडर कुठला होता? घरातला लाल की व्यवसायाचा निळा, १९ किलोचा? लाल असेल तर यंदा आधी तो बदला. समोरच्याला बोट ठेवायला आपण होऊन जागा देऊ नये.

आता लगेच करायचं काम. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. भाषा साधी ठेवा, अशी: "माझ्याकडे पथविक्री प्रमाणपत्र क्रमांक अमुक असून त्यात नमूद जागी मी व्यवसाय करते. अमुक तारखेला दोन व्यक्तींनी मला गाडा हलविण्यास तोंडी सांगितले. असा आदेश आपल्या कार्यालयाने काढला असल्यास त्याची प्रत मिळावी. कलम १८ प्रमाणे नोटीस मला मिळालेली नाही. शर्यतीच्या दिवशी पोलीस अधिसूचनेतील वेळेत मी गाडा बाजूला घेईन व वेळ संपताच त्याच जागी परत लावीन." शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही शर्यतीच्या आड येत नाही, हे त्यातून दिसतं आणि परत येण्याचा हक्कही कागदावर येतो. अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक खिडकीवर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख नि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. 'ठेवून जा, साहेबांना दाखवतो' म्हणाले तर तीच प्रत स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. आयोजकांना दिलेल्या परवानगीची आणि तिच्या अटींची प्रत मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणून उशीर नको.

तरीही गाडी आलीच तर? ताई, हे मी प्रत्येकीला बजावून सांगते: अंगाला हात लावू नका, गाड्यापुढे झोपू नका, पोराला धक्काबुक्की करू देऊ नका. पूर्वी ज्याला सगळे ३५३ म्हणायचे ते कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे. सरकारी कामात बळ वापरल्याचा तो गुन्हा एकदा लागला की गाडा राहतो बाजूला आणि जामिनाची धावपळ सुरू होते. शेजारणीला चित्रीकरण करायला सांगा आणि तुम्ही फक्त दोन गोष्टी मोठ्यानं मागा: लेखी आदेश आणि सामानाची यादी.

मैदानावरच्या स्टॉलबद्दल मला कायद्याचं गोड उत्तर देता येत नाही. आयोजकांनी पैसे भरून घेतलेल्या आवारात जागा मिळावी असा थेट हक्क तुम्हाला नाही. तिथे हक्कापेक्षा मागणीचं बळ लागतं, आणि ती एकटीनं करून भागत नाही. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहराचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथे पांढरे घोळदार कपडे घातलेल्या बायका चवळी वाटून पाम तेलात तळलेले वडे रस्त्यावर विकतात. त्याला अकाराजे म्हणतात. फुटबॉलचा विश्वचषक २०१४ मध्ये तिकडे होणार होता आणि फिफाच्या नियमांनी स्टेडियमभोवतालची विक्री अधिकृत प्रायोजकांसाठी राखली जाणार होती. त्या बायकांनी संघटनेमार्फत सह्या गोळा केल्या, नव्या स्टेडियमच्या उद्‌घाटनावेळी निदर्शनं केली आणि २०१३ च्या स्पर्धेतच स्टेडियमच्या आवारात वडे विकायची परवानगी मिळवली. त्यांनी सामने सुरू व्हायची वाट पाहिली नाही.

तुमच्याकडेही हीच वेळ आहे. आयोजकांना रस्ता हवा, मैदान हवं, पाणी हवं, सफाई हवी, म्हणजे सह्या हव्यात. परवानगीवर सही होण्याआधी अटी घालता येतात, नंतर नुसती विनंती उरते. दहा-बारा गाडेवाल्यांनी मिळून समितीकडे आणि आयोजकांकडे एकच लेखी मागणी द्या: स्थानिक प्रमाणपत्रधारकांसाठी काही जागा नाममात्र भाड्यानं राखून ठेवा, आणि रस्ता बंद असेल तेवढ्या दिवसाची पर्यायी जागा आधी ठरवा. शर्यतीच्या निमित्तानं पदपथ नवा होणार असेल तर आणखी एक मुद्दा लिहा. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्थलांतराची तत्त्वं आहेत. नव्या बांधकामातून रोजगाराच्या ज्या संधी तयार होतील त्यांत उठवलेल्या विक्रेत्यांना सामावून घ्यावं, असं त्यात म्हटलंय. साताऱ्याला हे शिकवायची गरज पडू नये. खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला पाठवायला याच जिल्ह्यातल्या साध्या माणसांनी वर्गणी काढली होती. पहाटे घाटात सराव करून येणारी पोरं तुमच्याच गाड्यावर पोहे खातात, हेही त्या मागणीत लिहा. त्यांच्या सह्या घ्या.

एवढं करूनही तोंडी आदेश मागे घेतला नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा त्याच्या कक्षेत येतो. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना मूळ प्रमाणपत्र, स्वनिधीच्या कर्जाचा कागद, शिक्का मारलेली अर्जाची प्रत आणि गाडा जागेवर उभा असतानाचे दोन-तीन फोटो न्या. मागचं दुकान किंवा विजेचा खांब फोटोत दिसू द्या, म्हणजे जागेबद्दल वाद राहणार नाही.