व्हीएस कोडमध्ये मराठी-अहिराणी मजकूर नीट दिसावा म्हणून सेटिंगमध्ये काय बदलावं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुम्ही अहिराणी शब्दांची आणि म्हणींची यादी व्हीएस कोडमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमध्ये, ठेवता. इंग्रजी अक्षरं ठीक दिसतात, पण देवनागरी बारीक आणि दाटीवाटीची दिसते, आणि खालच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या चौकटीत) तर तुटकी. थीम पाच-सहा बदलून पाहिल्या, फरक पडला नाही. आता सेटिंगच्या फाइलमध्ये हात घालायचाय, पण काही बिघडेल अशी भीती वाटते.

थीम बदलून फरक पडणार नव्हताच. थीम फक्त रंग बदलते. तुमचं दुखणं फॉन्टचं आणि ओळींच्या उंचीचं आहे. मी जळगावात बसून छोट्या दुकानांची आणि व्यापाऱ्यांची संकेतस्थळं बनवतो. दिवसभर एका फाइलीत निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी असतं, त्यामुळे या भानगडीतून मी चांगलाच गेलोय.

आधी भीतीचं. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, वरच्या पट्टीत ‘ओपन युजर सेटिंग्ज जेसन’ शोधा. जी फाइल उघडेल ती साधी मजकुराची फाइल आहे. तिची एक प्रत डेस्कटॉपवर टाकून ठेवा, झालं. काही बिनसलं तर जुना मजकूर परत चिकटवायचा. खाली मी सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, तिथे अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची. दोन-तीन अक्षरं टाकली की पूर्ण नावांची यादी व्हीएस कोडच पुढे करतो, पाठ करायची गरज नाही.

एक मात्र सांभाळा. कुणी व्हॉट्सॲपवर सेटिंग पाठवलं आणि तुम्ही ते तसंच उचलून चिकटवलं, तर अवतरणचिन्हं बहुतेक वेळा वाकडी आलेली असतात. या फाइलला सरळ दुहेरी अवतरणचिन्हंच लागतात. खाली लाल नागमोडी रेघ दिसली की नव्वद टक्के वेळा कारण हे, नाहीतर आधीच्या ओळीच्या शेवटी टाकायचा राहून गेलेला स्वल्पविराम.

आता फॉन्ट. ‘एडिटर फॉन्ट फॅमिली’ या सेटिंगमध्ये एक नाव द्यायचं नसतं, नावांची रांग द्यायची असते, मध्ये स्वल्पविराम टाकून. एखादं अक्षर पहिल्या फॉन्टमध्ये नसेल तर दुसऱ्यात बघितलं जातं, तिथे नसेल तर तिसऱ्यात. विंडोजवर पहिला फॉन्ट सहसा कन्सोलस असतो, आणि त्यात देवनागरी नाहीच. रांगेत पुढे तुम्ही काही दिलेलं नसेल तर विंडोज आपल्या मनाने निर्मला यूआय लावतं. निर्मला वाईट नाही, पण त्याच आकड्याला कन्सोलसच्या शेजारी ती लहान दिसते. इंग्रजी-मराठी एका ओळीत आलं की मोठ्या भावाच्या शेजारी धाकटा उभा केल्यासारखं वाटतं.

म्हणून रांग अशी लावा: आधी कन्सोलस, मग मुक्त, मग नोटो सान्स देवनागरी, शेवटी मोनोस्पेस (म्हणजे सारख्या रुंदीच्या अक्षरांचा कुठलाही फॉन्ट). मुक्त हा मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा फॉन्ट आहे, फुकट मिळतो, आणि त्याची अक्षरं मोकळी आहेत. नावात मोकळी जागा असेल, जसं नोटो सान्स देवनागरीत आहे, तर ते नाव एकेरी अवतरणात घाला. आणि रांगेचा क्रम उलटा करू नका. मुक्तमध्ये इंग्रजी अक्षरंही आहेत. तो पहिला ठेवलात तर इंग्रजीसुद्धा त्यातच दिसेल, आणि त्याची अक्षरं सारख्या रुंदीची नसल्यामुळे कोडचे रकाने हलतील. नुसती म्हणींची यादी असेल तर चालेल म्हणा.

फॉन्टचं नाव चुकलं तर व्हीएस कोड चकार शब्द काढत नाही. चूक दाखवत नाही, मुकाट रांगेतल्या पुढच्या फॉन्टकडे जातो. माझा एक मित्र आठवडाभर म्हणत होता की मुक्त आणि निर्मलात काही फरकच नाही. त्याने नावात एक अक्षर जास्त टाकलं होतं, बघत होता तो निर्मलाच. फॉन्ट नवा टाकल्यावर व्हीएस कोड पूर्ण बंद करून परत उघडायलाही विसरू नका.

आकार: ‘एडिटर फॉन्ट साइझ’ विंडोजवर मुळात १४ असतो. देवनागरीसाठी मी १७ ठेवतो, रात्री १८. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून मोठं करणं वेगळं. त्याने अख्खी खिडकी फुगते, मेनू, फाइलींची यादी, सगळं. लॅपटॉप लहान असेल तर लिहायला जागाच उरत नाही.

ओळींची उंची हा खरा रोग आहे असं माझं मत. इंग्रजी अक्षर वर-खाली फार जात नाही. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. ‘कर्तृत्व’ आणि त्याच्या बरोबर खालच्या ओळीत ‘सर्वांनी’ लिहून बघा. कोडसाठी बेतलेल्या उंचीत वरच्याचे पाय आणि खालच्याचं डोकं एकमेकांना लागतं. ‘एडिटर लाइन हाइट’ मध्ये १.७ टाका. त्याचा अर्थ फॉन्टच्या आकाराच्या १.७ पट.

इथे एक खोच आहे. ८ च्या आतला आकडा पट म्हणून धरला जातो, ८ किंवा त्याहून मोठा आकडा थेट पिक्सेल म्हणून. मला हे माहीत नव्हतं. ‘थोडं जास्तच देऊ’ म्हणून मी १० टाकलं आणि ओळी अशा चेंगरल्या, जशी सुरत-भुसावळ गाडीच्या जनरल डब्यात माणसं. आकडा वाढवतोय आणि ओळी जवळ येतायत, काही कळेना. पिक्सेलमध्येच द्यायचं असेल तर १७ च्या फॉन्टला २९-३० द्या.

हे सगळं फक्त यादीपुरतं हवं असेल, कोडच्या फाइली जशा आहेत तशा राहू द्यायच्या असतील, तर तीच सेटिंग मार्कडाउनच्या (टिपणं-याद्या लिहायच्या साध्या मजकुराच्या फाइलींचा प्रकार) वेगळ्या कंसात लिहिता येतात. चौकोनी कंसात भाषेचं नाव आणि पुढे महिरपी कंसात सेटिंग. माझं तसंच आहे. मार्कडाउन उघडलं की मोठं आणि मोकळं, जावास्क्रिप्ट उघडलं की नेहमीसारखं आटोपशीर.

आणखी एक होऊ शकतं: सगळं बरोबर लिहिलं तरी फरक दिसत नाही. मग तुमच्या कामाच्या फोल्डरमध्ये व्हीएस कोड नावाचा, आधी टिंब असलेला उपफोल्डर आहे का बघा. त्यातली सेटिंगची फाइल तुमच्या फाइलीपेक्षा वरचढ ठरते. दुसऱ्याकडून आलेल्या प्रोजेक्टमध्ये हमखास असते.

रंगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण थीम बदलत बसलात म्हणून सांगतो. डार्क थीमचं एवढं कौतुक आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टिकत नाही. दुपारी वीज गेली की लॅपटॉप घेऊन मी ओट्यावर येतो, आणि त्या उजेडात काळ्या पडद्यावर कोडऐवजी स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसतं. शेजारचे आबा विचारतात, “काय करी राह्यना रे भो, आरसा देखी राह्यना का?” तेव्हा दिवसा लाइट, रात्री डार्क. ‘विंडो ऑटो डिटेक्ट कलर स्कीम’ चालू केलं आणि आवडती लाइट व डार्क थीम नेमून दिली, की विंडोजचा रंग बदलला तसा एडिटरचाही बदलतो.

थीम आवडली पण त्यातला एखादाच रंग खटकत असेल तर थीम टाकून देऊ नका. ‘वर्कबेंच कलर कस्टमायझेशन्स’ या कंसात तेवढाच रंग बदला. रंगाच्या क्रमांकाशेजारी छोटा चौकोन दिसतो, त्यावर माउस नेला की रंग निवडायची पाटी उघडते. सहा अंकांनंतर आणखी दोन लिहिले तर ते पारदर्शकतेचे असतात. शेवटी दोन शून्यं दिली की रंग दिसेनासा होतो.

ही दोन शून्यं मला महागात पडली. एका शब्दावर दोनदा क्लिक केलं की फाइलीत जिथे जिथे तोच शब्द आहे तिथे फिकट पट्टा उमटतो, तुम्ही पाहिलं असेल. मला तो पसारा वाटायचा. पडदा कसा स्वच्छ हवा! म्हणून ‘एडिटर सिलेक्शन हायलाइट बॅकग्राउंड’ आणि त्याचा भाऊ ‘वर्ड हायलाइट’, दोन्हींच्या शेवटी शून्यं टाकून मी ते पुसून टाकले.

पुढे रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या भावफलकाचं काम आलं. एका पानावर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पाच ठिकाणी होता, तिथे ‘उत्पादकांना’ करायचं होतं. शोधा-बदला केलं, सगळे बदलले असं समजून पान चढवलं. संध्याकाळी फोन: “भाऊ, दोन जागी अजून तसंच हाये.” मी परत शोधलं, एडिटर म्हणतो असा शब्दच नाही. आणि समोर तर दिसतोय!

कारण असं की ‘शेतकऱ्यांना’ मधला तो चंद्रकोरी र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमधलं (संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीतलं) ०९३१, आणि त्याला हलन्त (पाय मोडायची खूण). दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडक, झीरो विड्थ जॉइनर, क्रमांक २००डी. दिसायला दोन्ही हुबेहूब, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. पानाचा अर्धा मजकूर मी टाइप केलेला होता, अर्धा त्यांच्या मुनीमजींनी फोनवरून पाठवलेला. मी तो पट्टा पुसला नसता तर दोनदा क्लिक केल्याबरोबर पाचपैकी तीनच उजळलेले दिसले असते आणि तिथेच शंका आली असती.

तुमच्या यादीत हे नक्की होणार, कारण ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ आपल्याकडे पावलोपावली. वेगवेगळ्या लोकांकडून म्हणी गोळा करत असाल तर आणखीच. म्हणून तो पट्टा पुसू तर नकाच, उलट ‘सिलेक्शन हायलाइट बॉर्डर’ ला गडद रंग देऊन त्याला चौकट काढा. शब्दावर दोनदा क्लिक करायचं, जो उजळला नाही तो निवडून कंट्रोल-एफ दाबायचं म्हणजे तो आहे तसाच शोधपट्टीत जातो, आणि त्याच्या जागी पहिल्या तऱ्हेचा शब्द बदलून घ्यायचा. दर महिन्याला मी ही झाडलोट करतो.

चौकटींवरून आठवलं. कधी फाइल उघडल्यावर सगळ्याच देवनागरी अक्षरांभोवती पिवळ्या चौकटी दिसल्या तर घाबरू नका, फॉन्ट बिघडलेला नाही. फोल्डर उघडताना ‘या लेखकांवर विश्वास आहे का’ असं विचारतात, तिथे तुम्ही नाही म्हटलेलं असतं. अविश्वासू फोल्डरात साध्या इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर संशयित धरलं जातं, कारण दुसऱ्या लिपीतली सारखी दिसणारी अक्षरं घुसवून कोडमध्ये फसवाफसवी करता येते. फोल्डर तुमचाच असेल तर विश्वास आहे म्हणा, चौकटी जातात. अनोळखी माणसाचा असेल तर चौकटींसकट वाचा.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मात्र सेटिंगने सुटायची नाही. खालच्या टर्मिनलमध्ये देवनागरी तुटकी दिसते असं तुम्ही म्हटलंय. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठराविक मापाचं घर देतं, आणि आपलं जोडाक्षर त्या घरात मावत नाही. ‘टर्मिनल इंटिग्रेटेड फॉन्ट फॅमिली’ बदलून थोडं बरं दिसेल इतकंच. मी तिथे मराठी वाचायचा नाद सोडला, निकाल एका फाइलीत उतरवून घेतो आणि ती फाइल एडिटरमध्ये उघडतो.

सुरुवात करताना फॉन्टची रांग, आकार १७ आणि उंची १.७ एवढंच टाका आणि दोन दिवस काम करून बघा. रंगांना त्यानंतर हात लावा. मध्येच आपण काय काय बदललं ते आठवेनासं झालं, तर कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंगचं पान उघडा आणि शोधपट्टीत ॲटच्या चिन्हापुढे ‘मॉडिफाइड’ लिहा, तुम्ही बदललेली तेवढीच सेटिंग समोर येतात. माझी मागच्या आठवड्यात एकेचाळीस निघाली, त्यातली निम्मी कशासाठी केली होती ते मलाही सांगता येईना.