सॉफ्टवेअर नंतर, आधी लॉट नंबर

खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मालाचा माग ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हे ठरवण्याआधी एक अख्खा दिवस माल उतरतो तिथे उभे राहा. पुरवठादाराच्या चलनावर एक लॉट नंबर (एका खेपेच्या मालाचा ओळख क्रमांक), खोक्यावर दुसरा, आणि घाईत रजिस्टरमध्ये नुसती तारीख. हा गोंधळ तसाच संगणकात गेला तर तो फक्त वेगाने पसरतो.

आम्ही दारावर स्कॅनर लावले आणि निर्धास्त झालो. पण उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशीच्या बॅचमध्ये जायचं, त्याची नोंदच नव्हती. मॉक रिकॉलमध्ये, म्हणजे बाजारातून माल परत बोलावण्याच्या सरावात, माग नेमका तिथेच तुटला. म्हणून माझं ठाम मत आहे: लॉट जिथे मिसळतो, फुटतो किंवा नव्याने पॅक होतो, तिथली नोंद सगळ्यात आधी ऑटोमॅटिक करा. जीएस१-१२८ या प्रकारच्या बारकोडमध्ये उत्पादन क्रमांक, लॉट आणि मुदत एकत्र बसतात. शून्य आणि ‘ओ’ची गफलत टळते.

अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न आणि औषध नियामक संस्थेच्या) नियमात अशी अट आहे की त्यांच्या यादीतल्या खाद्यपदार्थांची माहिती मागितल्यापासून साधारण २४ तासांत द्यावी, तीही क्रमवार लावता येईल अशा तक्त्यात. चुकीची नोंद पुसू नका. दुरुस्ती वेगळी, वेळ आणि नावासकट ठेवा. आणि पुढचा मॉक रिकॉल रात्रपाळीत घ्या.