‘मर लागत नाही’ म्हणून विकलेलं बटाट्याचं बेणं घरच्या घरी तपासता येतं का?

तुम्ही ऐरोलीत राहता, शेत मंचरकडे. दुकानदाराने ‘याला मर (झाड कोमेजून मरण्याचा रोग) लागतच नाही’ म्हणून दिलेलं बेणं भावाने आणलंय, आणि लावण्याआधी ते तुम्हाला गच्चीवरच्या कुंड्यांत, मर लागलेल्या शेतातली माती घालून पारखायचंय. माझं उत्तर: कुंड्यांत नको, शेतातच करा. आणि झाड उभं राहिलं एवढ्यावरून वाण पास करू नका.

मी कोपरखैरण्यात राहतो; पूर्वी काही वर्षं वनस्पतीरोगांच्या प्रयोगशाळेत याच चाचण्या करायचो. आपल्याकडची हवा ही मर आणणाऱ्या जिवाणूला (राल्स्टोनिया सोलानासिएरम) भलतीच मानवते, २८-३० अंशांत तो जोरात असतो. बटाट्याला मात्र कंद धरायला थंड रात्री लागतात. त्यामुळे गच्चीवर पाला वाढेल, खाली गोट्यांएवढे कंद. शिवाय दुपारी सिमेंट तापलं की धडधाकट झाडही मान टाकतं आणि संध्याकाळी सावरतं. मर लागलेलं झाडही पहिले एक-दोन दिवस नेमकं हेच करतं. तुम्ही काय ओळखणार? वर ती माती पाण्याबरोबर वाहून शेजाऱ्यांच्या टोमॅटो-वांग्यांत गेली की तीही गेली, कारण हा जिवाणू त्यांनाही सोडत नाही.

आधी शेतातली मर याच जिवाणूची आहे का ते बघा, बुरशीनेही झाड सुकतं. नुकतंच कोमेजलेलं, पानं अजून हिरवी असलेलं झाड घ्या. बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात नुसतं टोक बुडेल असा धरा. ग्लासामागे काहीतरी काळं ठेवा, हात हलवू नका. दोन-चार मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ दोरा सरळ खाली उतरू लागतो, अगरबत्तीचा धूर उलटा केल्यासारखा. तो जिवाणूंचाच लोंढा. बुरशीच्या मरीत असा दोरा येत नाही. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, अजूनही बघत बसतो.

आता चाचणीत माणूस कसा फसतो ते. एकदा आम्ही काही वाणांच्या रोपांना मुळाशी जिवाणूचं पाणी घातलं. तीन आठवडे झाले, एकही रोप मरेना. साहेब खूश! मला खटकलं ते हमखास मरणारं वाण, जे आम्ही तुलनेसाठी लावलं होतं, तेही टवटवीत. जिवाणू वाढवायच्या पेट्री डिश काढून बघितल्या. टेट्राझोलियम (वसाहतींना लाल रंग देणारं रसायन) घातलेल्या माध्यमावर मारक जिवाणूच्या वसाहती ओघळत्या, पांढरट, मध्ये गुलाबी दिसतात. आमच्या सगळ्या बारीक, गोल, गडद लाल. एका डिशमधून दुसरीत असं वारंवार वाढवत राहिलं की हा जिवाणू मारकपणा हरवून बसतो, आणि ती चूक माझीच होती. सगळी चाचणी पुन्हा लावली.

म्हणून शेतातही तुलनेचं वाण हवंच. मागे ज्या पट्ट्यात झाडं मेली तिथेच, दोन ओळी नव्या बेण्याच्या, मग एक ओळ मेलेल्या वाणाची, असं आलटून पालटून लावा. त्या वाणाचं बेणं मात्र निरोगी ठिकाणाहून आणा, नाहीतर मर मातीतून आली की बेण्यातून हे कळणारच नाही. जुनं वाण मेलंच नाही, तर नव्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चाचणी खरिपात घ्या. रब्बीच्या थंडीत झाड तग धरतं आणि दुकानदार खरा ठरतो. बेणं अख्खं लावा. कापायचंच झालं तर दर बटाट्यानंतर कोयता निर्जंतुक करा, नाहीतर एका कंदाचा रोग तुम्हीच पुढच्या दहांना द्याल. आठवड्यातून दोनदा फिरून ओळीत किती झाडं कोमेजली ते वहीत लिहा.

खरी परीक्षा काढणीला. उभ्या राहिलेल्या झाडांचे बटाटे आडवे कापा. सालीच्या आत तपकिरी कडं दिसलं (आपल्याकडे याला बांगडी म्हणतात ते उगाच नाही) आणि दाबल्यावर कड्यातून पांढरट थेंब आले, तर झाड वाचलं असलं तरी जिवाणू आत आहेच. कडं न दिसताही तो आत असू शकतो, ते प्रयोगशाळेतच कळतं. असं वाण फार तर सोशिक. त्याचं बेणं पुढच्या वर्षी दुसऱ्या शेतात गेलं की मर तिकडेही पोचते. पूर्ण अभेद्य बटाटा अजून कुणाकडे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या फुरेजा जातीच्या बटाट्यातून प्रतिकारशक्ती आणून पाहिली, पण उष्ण हवेत ती ढिली पडते. त्यामुळे ‘लागतच नाही’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: कुठल्या हंगामात, कुठल्या जमिनीत बघितलंत?

भावाला सांगा, चाचणी झाली की त्या पट्ट्यात पुढची दोन-तीन वर्षं मका, ज्वारी किंवा कांदा घ्यावा. टोमॅटो, वांगी, मिरची नको. उन्हाळ्यात खोल नांगरून जमीन तापू द्यावी. आणि कापून पाहिलेले बटाटे उकिरड्यावर टाकू नका, ते शेणखताबरोबर पुन्हा शेतातच येतील. जाळून टाका.