ब्राइटनेस वाढवला की स्पीकर खरखरतो

प्रश्न: दादा, रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर वापरून जुन्या गेम्सचा खिशात मावणारा कन्सोल बनवतोय, सर्किट बोर्ड स्वतः कीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काढला, सगळं चालतं पण ब्राइटनेस वाढवला की स्पीकर खरखरतो आणि कधी कधी पाय रिस्टार्टच होतो. पुढचा बोर्ड अजून छोटा करायचाय, तांब्याचे चार लेयर असलेला घेऊ का?

उत्तर: घे की, पण आधी पॉवरचं बघ, कारण दोन्ही दुखणी बहुतेक तिथलीच आहेत. लिथियम सेल 4.2 व्होल्टपासून खाली उतरत जातो, पायला 5 लागतात, म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर. ब्राइटनेस वाढवला की करंटही जास्त लागतो. आता गंमत बघ, 5 व्होल्टला 1 अँपियर हवा असेल तर 3.5 व्होल्टच्या सेलमधून, कन्व्हर्टरमधला लॉस धरून, साधारण 1.6 अँपियर खेचला जातो आणि तू तिथे केसासारखा बारीक ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) दिला असशील तर व्होल्टेज पडणारच! ट्रॅक रुंद कर, कॉइल आणि कपॅसिटर कन्व्हर्टरला अगदी चिकटून ठेव. ऑडिओ अँप, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, बोर्डच्या दुसऱ्या टोकाला ने, आतला एक अख्खा लेयर ग्राउंडला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक शून्य व्होल्टला, दे आणि त्याला मध्येच चिरू नकोस.

जागा वाचवायची तर बटणांसाठी वेगळे स्विच कशाला, 1989 च्या गेमबॉयसारखे बोर्डवरच कॉन्टॅक्ट काढ आणि वर रबर पॅड. पायच्या वायफाय अँटेनासमोर मात्र कॉपर नको. आणि ऑर्डरआधी बोर्ड कागदावर खऱ्या साइजमध्ये प्रिंट करून कन्सोलच्या केसमध्ये ठेवून बघच, मी एकदा नाही बघितला आणि स्क्रूचं भोक नेमकं बॅटरीखाली आलं.