वाचकांचे प्रश्न : मुलाखत खरी, प्रसंग उभे केलेले

प्रश्न : आम्ही मित्र मिळून २५ मिनिटांचा डॉक्युड्रामा करतोय. सीप्झमध्ये (अंधेरीतली निर्यात उद्योगांची वसाहत) दागिन्यांच्या युनिटात कामाला जाणारी, रात्रशाळेतून दहावी करणारी मुलगी. मुलाखत तिची, प्रसंग अभिनेत्रीचे. जोडून पाहिलं की प्रसंग नाटकी वाटतात. अभिनयच कमी पडतोय का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : अभिनेत्रीला इतक्यात बोल लावू नका. मुलाखतीत मुलगी सांगते, ‘फॉर्म भरल्याचं घरी बोललेच नाही’, आणि पुढच्याच प्रसंगात अभिनेत्री आईपासून फॉर्म लपवते. एकच गोष्ट दोनदा कळली की दुसऱ्या वेळी ती खोटी वाटणारच. आवाज फॉर्मबद्दल बोलत असेल तर पडद्यावर तिचे हात दिसू द्या. धातू ओतण्याचा साचा करण्यासाठी आधी वॅक्सच्या अंगठ्या मधल्या दांडीला गरम हत्याराने एकेक चिकटवून ‘झाड’ बांधतात. साधारण ४५ अंशांत, वर कललेल्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. टेकल्या तर ओतल्यावर धातूही तिथे जोडूनच निघतो. हे काम करता करता बोलता येईपर्यंत अभिनेत्रीकडून सराव करून घ्या. सीप्झच्या आत कॅमेरा नेणं सोपं नाही. टेबल, वाकणारा दिवा आणि वॅक्स एवढ्यावर क्लोजअप भागतात.

संवाद मुलाखतीतूनच उचला. आधी नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि ‘म्हणजे’, ‘ते हे’ यांसकट कागदावर उतरवा. ‘मला उडायचंय’ असलं वाक्य तिचं नसेल तर तिच्या तोंडी घालू नका. (पहिल्या खर्ड्यात ते हमखास असतं!) दहावीनंतर तिला आयटीआय हवंय, नर्सिंग हवंय की नुसती डोळ्यांवर ताण न येणारी नोकरी, ते नेमकं विचारा. त्यावर निम्मे प्रसंग बदलतील.

मुलाखत मोबाइलवर घेतली असेल तर आणखी एक घोळ संभवतो. बरेच मोबाइल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला टिपायच्या चित्रांची संख्या, कमीजास्त करत राहतात, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज लांबलचक शॉटमध्ये ओठांपासून सरकतो. एडिटिंगला घेण्यापूर्वी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून फाइल कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेम रेटवर काढा. चाळीतल्या खोलीत जुन्या चोकची ट्यूब असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/६० वर पट्टे सरकताना दिसतात. पंखा बंद करा आणि निघण्याआधी त्याच खोलीतली शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. नाहीतर प्रत्येक कटला मागचा आवाज तुटतो.

प्रश्न : लोकलमधला एक प्रसंग गुपचूप मोबाइलवर उरकला तर?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : नको. परवानगी रेल्वेकडून घ्यावी लागते. पश्चिम रेल्वेचं मुख्यालय चर्चगेटला, मध्य रेल्वेचं सीएसएमटीला. स्टेशनचा पूलही रेल्वेचाच, तेव्हा ती पळवाट नाही. शिवाय लेडीज डब्यातल्या बायकांना तुमच्या फ्रेममध्ये यायचं आहे का, हे कोण विचारणार? खिडकीबाहेर गाडीचा आवाज ठेवून प्रसंग घरातच घेता येतो.

प्रश्न : नायिका तयार आहे, पण नोकरी जाईल म्हणून घाबरते. नाव बदललं की पुरे ना?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : नाही. शेजारी आवाजावरून ओळखतात आणि सुपरवायझर गळ्यातल्या आयकार्डच्या पट्टीवरून. ओळख लपवायचीच असेल तर मुलाखतही अभिनेत्रीच्या आवाजात घ्या, आणि तसं पडद्यावर लिहा. संमतिपत्र मराठीत करा; महोत्सव, यूट्यूब, टीव्ही यांना वेगवेगळी सही घ्या. शूटिंगसाठी खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी आदल्या दिवशीच द्या. कच्चं एडिट तिला एकटीला दाखवा, घरच्यांसमोर नको. त्यांच्यासमोर ती ‘हे काढा’ म्हणणार नाही.