पिसवांसाठी मांजरावर संत्र्याचं तेल मारलं, आता काय करू?

प्रश्न: डॉक्टर, आमच्या मनीला पिसवा झाल्यात. केमिकल नको म्हणून संत्र्याच्या तेलाचे थोडे थेंब पाण्यात घालून अंगावर स्प्रे केले, तर थोड्या वेळाने तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटतायत, अंगही गार लागतंय. तेल तर नॅचरल आहे ना, मग असं का? उलटी करवू का?

उत्तर: उलटी अजिबात नको!! तेल श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. तुम्हाला फोनवर सांगितलंय, पण बाकीच्यांसाठी परत लिहितो. मांजर शुद्धीवर असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड वापरून अंग धुवा, कारण नुसत्या पाण्याने तेल निघत नाही, आणि मानेखाली, पोटावर, पंजाच्या बोटांमधे नीट बघा, तिथेच राहून जातं. मग लगेच कोरडं करून उबेत गुंडाळा, अंग आधीच गार पडलेलं असतं. अंग चाटू देऊ नका, आणि तेलाची बाटली घेऊन थेट प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. झटके येत असतील किंवा मान टाकली असेल तर धुण्यात वेळ घालवूच नका.

आता असं का होतं ते. या तेलात लिमोनीन आणि लिनालूल नावाची रसायनं असतात, पिसवा त्यांनी मरतातही, म्हणून तर लोकांना पटतं. पण तेल पाण्यात मिसळत नाही, ते वर तरंगतं, त्यामुळे बाटली कितीही हलवली तरी एखाद्या फवाऱ्यात जवळजवळ निव्वळ तेलच अंगावर पडतं. ते कातडीतून आत जातं, वर मांजर स्वतःला चाटत बसतं म्हणजे पोटातही जातं, आणि मांजराच्या लिव्हरला असले पदार्थ पटकन बाहेर काढता येत नाहीत, माणसाला किंवा कुत्र्याला जमतं तसं तिला जमत नाही. कुत्र्यांनाही त्रास होतो हं, फक्त मांजरं जास्त नाजूक. नॅचरल म्हणजे सेफ हे डोक्यातून काढाच, मला खरंच काळजी वाटते याची. तेलाचे कण हवेत उडवणारा डिफ्युझर असेल तर तोही मांजराच्या खोलीत नको, ते कण केसांवर बसतात आणि चाटण्यातून पोटात जातात.

पिसवांचं औषध डॉक्टरकडून मांजराच्या वजनाप्रमाणेच घ्या, आणि घरात कुत्र्याचं औषध असेल तर ते हिला लावू नका, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि त्याने मांजर दगावू शकतं.