'सैराट'चा शेवट आणि एक साधा मंगळवार

'सैराट' २०१६ साली आला, पण त्याचा शेवट समुपदेशनाला येणारी जोडपी अजूनही माझ्यासमोर आणून ठेवतात. "मॅडम, एवढं करून त्यांचं काय झालं? मग आमचं कसं जुळणार?" कुणाची जात वेगळी असते, कुणाचं शिक्षण, कुणाचं नुसतं शहर आणि गाव. भीती तीच.

तो शेवट न जुळण्याचा पुरावा नाही, हे मी आधी सांगते. पाटलाची आर्ची आणि मासेमाऱ्याचा परश्या हैदराबादला पळून जातात, तिथे झोपडपट्टीतली खोली, परकी भाषा, पैशाची ओढाताण आणि संशय या सगळ्यात न जुळण्याची झळ त्यांना पुरेपूर बसते. आर्ची रागानं रेल्वेत बसते आणि परतही येते. पुढे लग्नाची नोंदणी होते, मूल होतं, संसार लागतो. खून होतो तो लागलेल्या संसाराचा, आणि करणारे त्या संसाराबाहेरचे, आर्चीच्या माहेरचे असतात. म्हणजे प्रश्न दोन आहेत. आमचं जुळेल का, आणि आम्हाला जगू देतील का? दोन्हींची तयारी वेगळी. एकाची भीती दुसऱ्यावर चढली की विचारच खुंटतो.

एक जोडपं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती पुण्यात वाढलेली, बँकेत अधिकारी. तो इंदापूरकडचा, आयटीआय झालेला, स्वतःच्या दोन मालवाहू गाड्या. ओळख चार वर्षांची. "आमच्यात काहीच सारखं नाही," ती म्हणाली आणि पुस्तकांपासून जेवणापर्यंत यादी सांगू लागली. मी थांबवलं. आवडीनिवडींवरून संसार मोडताना मी फारसे पाहिले नाहीत. मोडतात ते गृहीत धरलेल्या गोष्टींवरून.

दोघांना दोन खोल्यांत बसवून कोरा कागद दिला. वेळ वीस मिनिटं. लग्नानंतर दोन वर्षांनी येणारा एक साधा मंगळवार लिहायचा, सकाळी सहा ते रात्री अकरा, तासातासानं: कोण कुठे आहे, काय करतंय, पैसे कशाला गेले. रविवार दिला की लोक सिनेमा आणि फिरणं लिहितात. शेजारी बसवलं की एक दुसऱ्याचं पाहून गोड लिहितो.

तिच्या कागदावर संध्याकाळी सात वाजता तो घरी येत होता. त्याच्या कागदावर सात वाजता तो न्हावाशेवा बंदराच्या गेटवरच्या रांगेत उभा होता. सकाळी सहाला त्यानं लिहिलं होतं, 'आईचा चहा.' तिच्या मंगळवारात आई कुठेच नव्हती. तिनं त्याचा कागद दोनदा उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून.

"आई इथे?"

"मग कुठे? गावी तिला आता कोण आहे?"

"चार वर्षांत बोलला नाहीस."

"तू विचारलंस कुठे?"

बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मी ती शांतता मोडली नाही. मग ती म्हणाली, "नवऱ्यानं रात्री घरी असायलाच पाहिजे." हेच वाक्य 'च' काढून म्हणायला मी तिला सांगितलं. दोन-तीनदा अडखळली. शेवटी जमलं: "तू रात्री घरी असलास तर मला बरं वाटेल." तो तेवढ्यात उत्तरला, "मग एका गाडीवर ड्रायव्हर ठेवतो. तीन रात्री बाहेर, चार घरी." हुकमाला माणूस अडतो, इच्छेवर वाटाघाट करतो. 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट सोडून इच्छा म्हणून मागायला शिकवणारा विवेकनिष्ठ विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडला. त्याचं मर्म मला मराठीतल्या या एका अक्षरात सापडतं, आणि ते मी आवर्जून शिकवते.

पैशाचं मात्र 'च' काढून भागत नाही. तिचा पगार एक तारखेला, त्याच्या गाड्यांचं भाडं हातात येतं ते दीड-दोन महिन्यांनी. अशा घरात गाडीचा हप्ता हळूच पगारातून जाऊ लागतो आणि दुसऱ्या वर्षी भांडण होतं ते भाजीवरून. म्हणून घरखर्चाचं खातं वेगळं, त्यात दोघांनी कमाईच्या प्रमाणात भरायचं, आणि तीन महिन्यांचे हप्ते व डिझेल एवढी रक्कम त्यानं आधी बाजूला काढायची. लग्नाआधी तीन महिने खरोखर करून पाहायचं. सगळं सुटेल असं मी सांगत नाही. वैवाहिक नात्यांचे अमेरिकी अभ्यासक जॉन गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के मुद्दे कायम राहणारे निघाले.

मारहाण, मोबाईलची झडती, "जीव देईन" ही धमकी यांना मी न जुळणं म्हणत नाही. आर्ची निघून गेल्यावर परश्या गळफास घ्यायला जातो. त्याला प्रेमाची खोली समजू नका. असा विचार मनात येत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर त्याच दिवशी बोला.

दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे 'आम्हाला जगू देतील का' याची, तयारी कागदोपत्री. विशेष विवाह कायद्यानं मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण हवी. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिला आहे, तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस द्यायची. ती ३० दिवस तिथल्या फलकावर लागते. घरी बातमी पुष्कळदा त्या फलकावरूनच पोचते, म्हणून धोका असेल तर सुरक्षेची सोय नोटिशीच्या आधी करायची. लग्नाला साक्षीदार तीन लागतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा. असा धोका असलेल्या जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि २४ तासांची हेल्पलाइन असावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिले. पोलीस अधीक्षक कार्यालयात त्याची लेखी चौकशी करा आणि पोच घ्या.

आठव्या भेटीला दोघं तिसरा मंगळवार लिहून आले. लग्नाची तारीख ठरलेली नव्हती. तिच्या कागदावर सकाळी सहाला या वेळी आईचा चहा होता, आणि शेजारी कंसात प्रश्नचिन्ह.